ऐकल्याचं सोंग

मी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं असं सांगितलं. चूक एवढीच. कोणाला सांगायला जावं तर समोरचा हसतो. म्हणतो, अहो, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात, आम्ही घरी रोज हेच करतो. मीही घरी रोज हेच करत होतो. पण त्या हिवाळ्यात लखनौच्या एका गच्चीवर, उन्हात बसून मी ते केलं, आणि त्यापायी एका बाईंचं राहतं घर विकलं जायच्या बेतात आलं.

आज पुन्हा धुकं उतरलंय. आम्ही सरोजिनी नगरात, विमानतळाच्या बाजूला राहतो. इथल्या माणसांना धुकं डोळ्यांआधी कानांना कळतं. एरवी सकाळची विमानं डोक्यावरून जाताना खिडकीच्या काचा थरथरतात, आणि बोलता बोलता वाक्य अर्ध्यात धरून ठेवायचं, विमान गेलं की पुढे न्यायचं, ही आम्हा सगळ्यांची सवय होऊन गेली आहे. धुक्याच्या सकाळी विमानं गप्प असतात. कोणी आड येत नाही, तरी आम्ही मध्येच थांबतो. आज सकाळी मी असाच थांबलो, आणि पुढचं वाक्य काही आलं नाही. चहा ओट्यावरच निवला. बाल्कनीत गेलो, आत आलो, पुन्हा बाल्कनीत गेलो. बायको, वैशाली, म्हणाली, "एका जागी बसा बघू. घर आहे की फलाट?"

बसवत नाही. या दिवसांत मला बसवतच नाही. वर्षं गेली, आता आमच्या दारातून मेट्रो निघते आणि थेट हजरतगंजला सोडते, पण पहिलं धुकं पडलं की मी त्याच गच्चीवर जातो, आणि माझी वाचायची पाळी जवळ येत असते.

तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. सांगलीच्या कॉलेजात असताना गोष्टी लिहायचो, दोन-तीन छापूनही आल्या होत्या. मग खात्याच्या परीक्षा, विमा कंपनीतली नोकरी, बढतीबरोबर आलेली लखनौची बदली. लिहिणं कधी सुटलं ते सांगता येणार नाही. छत्री कुठे राहिली हे जसं सांगता येत नाही तसं. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या टेबलापाशी एक कागद चिकटवलेला दिसला: लिहिणारे, लिहू पाहणारे, लिहायचं थांबलेले, कोणीही या. दर रविवारी दुपारी, तेलीबागेत, आमच्या गच्चीवर. मी तो कागद दोनदा वाचला. तिसऱ्या प्रकारच्या माणसालाही कोणी बोलावतं याचंच नवल वाटलं.

कागद आप्पांचा होता. आप्पा वनस्पतिशास्त्रज्ञ, इथल्या एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. त्यांनी उभा जन्म एका गवतावर घालवला होता, आणि त्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "अजून ओळख पटायची आहे." रायबरेली रोडच्या आतल्या बाजूला त्यांचं घर. गच्चीवर सतरंज्या, बसायला वेताचे मोढे, एका कोपऱ्यात वाळत घातलेल्या रजया. लखनौचा हिवाळा ज्यांनी काढला नाही त्यांना तिथल्या उन्हाची किंमत कळायची नाही. बारा वाजेपर्यंत ते येतं की नाही याची शाश्वती नसते, आणि आलं की चारच्या सुमाराला असं निघून जातं की पाठ एकदम गार पडते. तेवढ्या उन्हात आमची बैठक बसायची.

आप्पांचे दोन नियम होते. पहिला, रिकाम्या हातांनी कोणी ऐकायचं नाही. मध्यभागी मटारच्या शेंगांचा ढीग असायचा, आणि एकजण वाचत असताना बाकीच्यांनी शेंगा सोलायच्या. हात गुंतले की कान मोकळे होतात, असं आप्पांचं म्हणणं. आमचं म्हणणं, आमच्या कष्टावर आप्पांकडे आठवडाभर निमोना, म्हणजे इकडची मटारची आमटी, शिजतो. दुसरा नियम अधिक अवघड. वाचून झालं की कोणी छान म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, सुचवायचं तर मुळीच नाही. आप्पा एकेकाला विचारणार, "काय उरलं?" आणि प्रत्येकाने ऐकलेल्यातलं एक वाक्य, आपल्या मनात उरलेलं, जसंच्या तसं म्हणायचं. बस्स. लिहिणाऱ्याला कळतं त्याचं काय पोचलं.

पहिल्याच रविवारी मी सवयीने "वा!" म्हणालो तर आप्पांनी शेंग रोखली माझ्याकडे. "अहो, या गावात वाहवा फुकट मिळते. चौकातल्या पानवाल्यालाही देतात. इथे वाक्य द्यायचं."

काही उरलं नसेल तर "नाही उरलं" म्हणायचीही मुभा होती. ते मात्र कोणी म्हणत नसे. ते म्हणायला जो स्वच्छपणा लागतो तो आमच्यात कोणातच नव्हता, किंवा असेल तर एकटीत. ती एकटी म्हणजे सुलभाताई.

सुलभाताई आमच्याच वस्तीत, दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. साठी उलटून बरीच वर्षं झालेली, उंच, काटक, पायात हिवाळाभर मुलाचे जुने बूट. त्यांचे यजमान कानपूर रोडवरच्या एका कारखान्यात होते, निवृत्तीनंतर इथेच घर बांधलं, मुलगा पुण्याला. यजमान जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. माझ्याकडे गाडी होती म्हणून दर रविवारी मी त्यांना घेऊन जायचो आणि परत सोडायचो. त्या मला पहिल्या दिवसापासून "सतीश, तू" म्हणायच्या. घरापासून इतक्या लांब कोणी आपल्याला तू म्हणणारं भेटलं की माणूस लहान होतो, बरं वाटतं.

त्यांनी जन्मात कधी काही लिहिलं नव्हतं. त्या बैठकीत आल्या त्या यजमानांसाठी. शेवटच्या काही वर्षांत यजमानांना विस्मरणाचा आजार झाला होता, आणि त्यात सगळ्यात आधी गेली ती हिंदी. तीस-पस्तीस वर्षं ज्या भाषेत कारखाना चालवला ती एका हिवाळ्यात पुसली गेली, आणि उरली फक्त लहानपणची कऱ्हाडकडची मराठी. दूधवाल्याशी ते मराठीत बोलायचे. "काय रं, पानी किती घातलंस?" दूधवाला म्हणायचा, "हां बाऊजी, एकदम सही." दोघांचं छान चालायचं. सुलभाताई हे सगळं लिहीत होत्या, रविवारी एक-दोन पानं. त्यांच्या लिहिण्यात उपमा नसायची, विशेषण नसायचं. काय झालं ते असायचं. मला ते जरा कोरडं वाटायचं. खरं सांगायचं तर त्या वाचायला लागल्या की माझं मन विसाव्याला जायचं.

चौथी होती मृण्मयी. आईवडील नागपूरकडचे, ही मात्र लखनौतच जन्मलेली, वाढलेली. कॉलेजात होती, हिंदीत कविता लिहायची, मराठी सगळी समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. "अंकल, समझ में सब आता है, बस बोलने लगूं तो खुद को ही हंसी आती है." इतर लोक येऊन जाऊन असत. कोणी एक रविवार यायचं, कोणी दोन. या आम्ही चौघांनी मात्र तो हिवाळा धरून ठेवला होता.

डिसेंबरचे शेवटचे दिवस होते. आठवडाभर सूर्य दिसला नव्हता आणि त्या रविवारी एकदम लख्ख पडलं. येताना गाडीत पेरूंचा वास, सुलभाताईंनी घेतलेले, मीठ-मिरचीची पुडी वेगळी. माझ्या खिशात घडी केलेले कागद. कित्येक वर्षांनी मी गोष्ट पुरी केली होती, माझ्या वडिलांवरची. त्या दिवशी मी ती वाचणार होतो. सुलभाताईंच्या नंतर माझी पाळी.

त्या वाचत होत्या तेव्हा मी काय करत होतो ते मला आजही तपशीलवार सांगता येतं, त्या काय वाचत होत्या ते सांगता येत नाही. मी माझं पहिलं वाक्य बदलत होतो. "वडील बोलत नसत" असं सुरू करावं, की "वडिलांचा आवाज मला आठवत नाही" असं? दुसरं बरं. पण मग तिसऱ्या परिच्छेदात ते हाक मारतात, तिथे काय करायचं? हात शेंगा सोलत होते. मधूनच एखादा शब्द कानावर यायचा, खडा पायाखाली यावा तसा. पायरी. चप्पल. ऊन. मग पुन्हा माझे वडील.

"सतीश," आप्पा म्हणाले, "काय उरलं?"

वाचन संपलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. सुलभाताईही, चष्मा काढून. 'नाही उरलं' हे दोन शब्द तोंडात आले होते. ते म्हणालो असतो तर पाच मिनिटांनी माझी गोष्ट यांच्यासमोर कोणत्या तोंडाने वाचली असती? मी म्हणालो:

"ऊन दाराशी येऊन बसायचं, पण बोलावल्याशिवाय आत यायचं नाही."

कुठून आलं कोण जाणे. पायरी, ऊन, चप्पल यांची मी मनातल्या मनात मोट बांधली असणार. मग मृण्मयी म्हणाली, "हां, वो धूपवाली लाइन! मेरे भी मन में वही अटकी है." आणि आप्पा, वाहवाला बंदी करणारे आप्पा, हळूच म्हणाले, "सुरेख."

सुलभाताई कागद चाळत होत्या. "हे मी वाचलं?"

"वाचलंत की," आप्पा म्हणाले.

"कुठे? मला दिसत नाहीये."

"वाचता वाचता सुचलं असेल," मी म्हणालो. "होतं असं. ओघात."

होतं असं. हे दोन शब्द मी इतक्या प्रेमाने म्हणालो. त्यांनी कागद पिशवीत ठेवले, आणि शेंगांच्या ढिगाकडे हात नेला पण शेंग उचलली नाही. मग मी माझी गोष्ट वाचली. तिघांनी तीन वाक्यं दिली, तिन्ही माझीच होती, आणि मी इतका सुखावलो की परत निघेपर्यंत मला दुसरं काही दिसलं नाही.

गाडीत त्या कागदांची पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या. बाहेर धुकं पुन्हा जमू लागलं होतं, समोरच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते.

"सतीश, काय म्हणालास तू ते? परत म्हण."

मी म्हटलं. अगदी जसंच्या तसं. इतकंच नाही, त्यात मी थोडा थांबा घेतला, 'पण'च्या आधी. म्हणजे दुसऱ्यांदा मी ते अधिक चांगलं म्हटलं.

"छान आहे रे वाक्य," त्या म्हणाल्या. "मला नाही सुचायचं असं."

तिथे मी सांगायला हवं होतं. गाडी बाजूला घेऊन, दिवे लावून ठेवून. मी गियर बदलला.

"आमच्या ह्यांचं असंच सुरू झालं होतं," काचेतून बाहेर बघत त्या म्हणाल्या. "बोलायचे, आणि बोलल्याचं आठवायचं नाही. मी म्हणायचे, अहो, आत्ता तुम्हीच म्हणालात. तर असे बघायचे माझ्याकडे..."

घर आलं. बूट घातलेले पाय जपून खाली ठेवत त्या उतरल्या, दोन पेरू सीटवर ठेवले, "वैशालीला दे," म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला, सर्दी आहे. त्याच्या पुढच्या रविवारी, थंडी फार. मला हायसं वाटलं, हेही इथे लिहून टाकतो. त्या समोर नसल्या की आठवण कमी टोचेल असं वाटलं. झालं उलटंच. मी ऑफिसात बसेनासा झालो. आमचं काम दाव्यांचं. लोक टेबलापलीकडे बसून सांगतात, गाडी कशी ठोकली, दुकान कसं जळलं, माणूस कसा गेला. अर्ध्यात आले की पुढचं मला कळलेलं असतं, मग मी मान हलवत दुसरी फाइल चाळतो. त्या जानेवारीत एक म्हातारा बोलत असताना मी अचानक उठून उभा राहिलो. तो घाबरला. "क्या हुआ साहब, कुछ गलत बोल दिया?" मी म्हणालो, "नहीं, आप फिर से कहिए. शुरू से." त्याने पहिल्यापासून सांगितलं, आणि तरीही मी ऐकलं नाही, मी ऐकतो आहे की नाही याकडेच माझं लक्ष होतं.

दुपारी जेवण सोडून हजरतगंजमध्ये फिरायचो. रेवड्यांची दुकानं, शालींचे ढीग, कोळशावर भाजत ठेवलेली रताळी. जिथे उभा राहीन तिथून पुढे जावंसं वाटायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते वाक्य. ते मला आवडायचं. चालता चालता मी ते म्हणायचो. इतक्या वर्षांत माझ्याकडून एक खरोखरीचं चांगलं वाक्य झालं होतं, आप्पांनी त्याला सुरेख म्हटलं होतं, आणि ते माझं आहे हे मला कोणाला सांगता येत नव्हतं. त्या काळात मला अपराधी वाटत होतं हे खरं. पण थोडा हेवाही वाटत होता. माझ्याच वाक्यापायी, सुलभाताईंचा.

संक्रांतीला वैशाली तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेली. परत आली ती स्वेटर न काढताच खुर्चीत बसली.

"त्यांचं काही खरं नाही हो. सगळीकडे चिठ्ठ्या लावल्यात. गॅस बंद केला का, किल्ली घेतली का. मोठ्या इस्पितळात जाऊन तपासून आल्या. डॉक्टर म्हणतो काही झालेलं नाही, वयाच्या मानाने उत्तम आहे. तर मला म्हणतात, डॉक्टर त्या दिवशी गच्चीवर नव्हता."

मी तिळगुळाचा डबा उगाच उघडून बंद केला.

"मुलगा म्हणतोय, एकटं राहू नकोस, घर काढून टाक आणि पुण्याला ये. त्यांनी दलाल बघितलाय. लिहिणं तर बंदच. म्हणाल्या, जे लिहिलं तेच आठवत नाही तर लिहून काय करू. गच्चीवर काय झालं होतं?"

मग मी तिला सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी. वाटलं होतं ती चिडेल, किंवा समजूत घालेल. तिने शांतपणे स्वेटर काढला.

"तुम्ही ऐकता कुठे? तुम्ही तुमची पाळी यायची वाट बघता. मला सवय आहे, मी दोनदा सांगते. त्यांना काय माहीत?" आणि आत जाता जाता, "मला कशाला सांगताय? जा की तिकडे."

जायला हवं होतं. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी गेलोही, एकदा नाही, बरेचदा. धुक्यात त्यांचं फाटक दिसायचं नाही, आणि दिसत नाही म्हणून मी परत फिरायचो. एकदा रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, सोबत ती हिरवी चटणी, आणि कोपऱ्यावर उभा राहून सगळ्या संपवल्या. मनाला समजवायचो, डॉक्टरने सांगितलंय ना काही नाही म्हणून? मुलाजवळ राहतील, चांगलंच आहे. आणि वाक्य मी एकट्यानेच थोडं ऐकलं होतं? मृण्मयीने ऐकलं, आप्पांनी ऐकलं. कदाचित त्या खरंच काहीतरी तसं म्हणाल्या असतील. माणूस सुटायला निघाला की कुठली फट शोधेल सांगता येत नाही.

ती फट मृण्मयीने बंद केली. वसंत पंचमी होऊन गेली होती, ऊन थोडं लांबलं होतं. आप्पा खाली चहाला गेले होते आणि गच्चीवर आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "मृण्मयी, ते वाक्य तू खरंच ऐकलं होतंस?"

तिने हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "अंकल, सच बोलूं? नहीं. मैं तो अपने फोन में घुसी थी. मुझे लगा सबने सुना है, मैं ही कहीं खोई हुई थी. तो बोल दिया." आणि मग एकदम, "क्यों? आपने भी नहीं सुना था?"

मी मान हलवली.

"तो फिर वो लाइन आई कहां से?"

मी खाली बघितलं. तिला कळलं. तिने ओढणी डोक्यावरून घेतली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. "आंटी को बताया आपने? ... अंकल! वो तो घर बेच रही हैं."

आप्पांना विचारायची गरजच नव्हती. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तेही कोणी बोलून दाखवत नसे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जायच्या आधी मी सुलभाताईंकडे गेलो. फाटक उघडं होतं, बाहेर एक स्कूटर. आत दलाल आणि घर बघायला आलेलं एक जोडपं. तो माणूस स्वयंपाकघराच्या भिंतीला टेप लावत होता, बायको कपाटं उघडून बघत होती. कपाटांवर चिठ्ठ्या: डाळी. साखर. औषधं, सकाळची. दलाल सुलभाताईंना सांगत होता, "माताजी, पार्टी पक्की है, आप बस टोकन ले लीजिए."

"सतीश, ये," त्या म्हणाल्या. "ही बघ माणसं. चांगली आहेत. बैस. चहा करते. दूध..." आणि फ्रिजपाशी थांबून त्यांनी फ्रिजवरची चिठ्ठी वाचली.

"सुलभाताई, चहा नको. ते वाक्य तुम्ही वाचलं नव्हतं."

"कुठलं?"

"उन्हाचं. मी बनवलं होतं ते. तुम्ही वाचत होतात तेव्हा मी ऐकत नव्हतो. मृण्मयीही ऐकत नव्हती. तुम्ही काहीही विसरलेला नाहीत."

टेपचा पट्टा खर्रकन परत गेला. त्या माणसाला मराठी कळत नसणार, पण तो थांबला. सुलभाताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग दलालाकडे वळून म्हणाल्या, "भैया, आज रहने दीजिए. मैं फोन करूंगी."

माणसं गेली. स्कूटर सुरू होऊन लांब जाईपर्यंत त्या उभ्याच होत्या. मला वाटलं आता रडतील. मी वाक्यं जुळवून आलो होतो, माफीची, चांगली वाक्यं. तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला.

"थांबा."

थांबा. तू गेलं होतं.

"मी दोन महिने झोपले नाहीये. रोज सकाळी उठून नातवंडांची नावं म्हणते. ह्यांच्या आजारातला एकेक दिवस आठवून बघते, की माझा आता कितवा चाललाय. मुलाला सांगितलं, मला अमक्या वेळी इस्पितळात टाक, घरी त्रास करून घेऊ नकोस. कागदावर सही करून दिली त्याला. आणि तुम्ही दोन गल्ल्या पलीकडे होतात?"

"हो."

"आणि गाडीत मी विचारलं तर परत म्हणून दाखवलंत."

"हो."

त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "माफी मागायला आला असाल तर इथे मागू नका. इथे मी एकटी आहे, इथे मी शहाणीच होते. मी वेडी ठरले ती तिथे, गच्चीवर. सगळे कसे हळू बोलायला लागले माझ्याशी. आप्पा फोनवर एकेक शब्द तोडून बोलतात. जे बोलायचं ते तिथे बोला. मी येईन. माझी मी येईन, रिक्षाने."

त्या रविवारी त्या खरोखरच रिक्षाने आल्या. मी त्यांच्याआधी पोचलो होतो आणि गच्चीवर या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत फेऱ्या घालत होतो. खाली कोणाच्या तरी अंगणात पापड वाळत घातले होते, होळीची तयारी. ऊन आता पाठीला बोचायला लागलं होतं. आणखी दोन-तीन आठवड्यांत गच्चीवरची बैठक बंद होणार होती. आप्पांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी सुलभाताईंना आधार द्यायला हात पुढे केला, आणि त्या तो न धरता पायऱ्या चढून आल्या.

"या, या," आप्पा मोठ्याने, सावकाश म्हणाले. "बरं वाटतंय ना आता? बसा. सावकाश."

मृण्मयी आली, कोणाकडे न बघता माझ्या शेजारी बसली. आप्पांनी विचारलं, आज कोण वाचणार? मी म्हणालो, मी. खिशातून कागद काढला. रात्री लिहून ठेवला होता, दोन्ही बाजूंनी भरलेला; त्यात माझे वडील होते, विमा कंपनी होती, धुकं होतं, आणि ऐकण्याबद्दल बरंच काही होतं. मी पहिली ओळ बघितली. ती चांगली होती. मी कागद परत घडी करून खिशात ठेवला. मग आप्पांच्या चांगल्या कानाच्या बाजूला सरकून बसलो, सुलभाताईंच्या समोर, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो:

"आप्पा, डिसेंबरमध्ये सुलभाताईंचं म्हणून मी जे उन्हाचं वाक्य सांगितलं, ते त्यांनी वाचलं नव्हतं. मी ऐकत नव्हतो, म्हणून मी ते रचलं. त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. गाडीत विचारलं तेव्हा पुन्हा खोटं बोललो. त्या दोन महिने घाबरून घरात बसल्या होत्या, हे मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. त्यांची आठवण शाबूत आहे. त्या दिवशी त्यांनी काय वाचलं ते मला आजही माहीत नाही. सुलभाताई, मी चुकलो. मला माफ करा."